शून्य सात शून्य तीन

पहाटे ५.३०

चहा उकळेपर्यंत फोनवर दोन गोष्टी पाहून होतात. परकीय व्यापार महासंचालनालयाने रात्रीतून एखादी अधिसूचना काढली आहे का, ही पहिली. काल लासलगावला कांदा किती ते कितीपर्यंत विकला गेला, ही दुसरी. निफाड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी एम.ए.च्या मुलांना आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवते. या वर्गाला पहिल्या गोष्टीचा दुसरीशी काय संबंध आहे ते समजावून सांगावं लागत नाही. तो संबंध नेमका किती, आणि तो मोजायचा कसा, एवढंच काय ते शिकवायचं उरतं.

जगभरच्या सीमाशुल्क खात्यांनी सगळ्या मालाला क्रमांक देऊन ठेवले आहेत. ०७ म्हणजे भाजीपाला, ०७०३ म्हणजे कांदा-लसणाचं कूळ. या एका ओळीवर काय काय झालं ते पाहा. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर, म्हणजे किलोला साधारण ६७ रुपये, असं किमान निर्यात मूल्य आलं. ८ डिसेंबरला सरळ बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलंच. सप्टेंबरात अट गेली, शुल्क निम्म्यावर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. वीसेक महिन्यांत एकाच पिकावर शुल्क, किमान मूल्य आणि बंदी ही तिन्ही हत्यारं वापरून झाली. परदेशी पाठ्यपुस्तकात निर्यात शुल्काला दीड पान असतं, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या देशात असली शुल्कं क्वचितच लागतात. आमच्याकडे त्या दीड पानाला दोन आठवडे पुरत नाहीत.

आज अधिसूचना नाही. चहा गाळला.

७.४५

महामार्गावर ओझरच्या पुढे कांद्याचे ट्रॅक्टर. फेब्रुवारी आहे, रांगडा कांदा चालू आहे. द्राक्षांच्या कंटेनरचे ट्रक उलट दिशेने, न्हावा शेव्याकडे. स्कूटरवरून यांपैकी कोणालाही ओव्हरटेक करण्यात शहाणपण नाही.

९.००

पहिल्या वर्षाचा वर्ग. फळ्यावर चार आकडे लिहिते. पोर्तुगालात वाइनला ८० माणसांचं वर्षभराचं काम, कापडाला ९०. इंग्लंडात वाइनला १२०, कापडाला १००. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये हे आकडे मांडले आणि तेव्हापासून मास्तर लोक ते खडूने लिहीत आले आहेत. पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही त्याने वाइनच करावी आणि एकास एक या हिशेबाने इंग्लंडचं कापड घ्यावं, म्हणजे त्याला कापड ९० ऐवजी ८० माणसांच्या कामात पडतं. इंग्लंडला वाइन १२० ऐवजी १०० मध्ये. फायदा दोघांचा. गणित इतकं बिनचूक की वर्ग गप्प होतो, आणि मला ही शांतता आवडत नाही.

ती मोडली येवल्याच्या मुलाने. घरी पैठणीचा माग आहे. "मॅडम, पोर्तुगालात कापड विणणारे जे ९० होते, ते कुठं गेले?"

रिकार्डोच्या गणितात ते द्राक्षमळ्यात गेले, आणि तेही काल रात्रीच. त्याच्या जगात उत्पादनाचा घटक एकच, श्रम, आणि देशाच्या आत तो विनासायास इकडून तिकडे सरकतो. विणकराचा हात वेलीच्या छाटणीला किती दिवसांत बसतो हा प्रश्न तिथे नाहीच. तो आडवळणाने का होईना, येतो १९४१ मध्ये, स्टोल्पर आणि सॅम्युएलसन यांच्या लेखात. व्यापार खुला झाला की देशात जो घटक मुबलक त्याची कमाई वाढते, जो दुर्मीळ त्याची घटते. नुसती तुलनेने नव्हे, खरोखरच घटते. देशाची बेरीज वाढते आणि काही घरांची वजाबाकी होते, दोन्ही एकाच वेळी. बेरजेतून वजाबाकी भरून काढता येते, हेही सिद्धांत सांगतो. ती भरून काढली जाईल, असं मात्र तो कुठेही म्हणत नाही. मुक्त व्यापाराचे भाट आणि त्याचे शत्रू दोघंही हे वाक्य गाळून पुढे जातात.

मग मी १७०३ चा मेथ्युएन करार काढते, कारण तो बहुतेक पुस्तकांत तळटीपेतही नसतो. पोर्तुगालने इंग्लिश लोकरी कापडाला दार उघडायचं आणि बदल्यात इंग्लंडने पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एकतृतीयांश कमी शुल्क लावायचं, असा तो करार. म्हणजे रिकार्डोने तुलनात्मक लाभासाठी निवडलेला जो व्यापार, तो त्याआधी शंभर वर्षं करारातल्या सवलतीवर पोसलेला होता. फ्रान्सची वाइन महाग करून पोर्तुगालची स्वस्त केलेली. रिकार्डोचा तर्क याने खोटा ठरत नाही. पण उदाहरण घेताना त्याचं मूळ तपासावं, एवढं एम.ए.च्या मुलांना कळायला हवं.

शेवटची दहा मिनिटं रानड्यांना. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लिश अर्थशास्त्राची गृहीतकं सर्व काळी, सर्व देशांत लागू पडत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९६ मध्ये, हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क होतं म्हणून मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के उत्पादन कर बसवण्यात आला; हेतू असा की मँचेस्टरला जराही तोटा होऊ नये. तो कर हटायला १९२० चं दशक अर्धं उलटावं लागलं. मुलांना हे सांगितलं की वर्गातला राष्ट्रवाद एकदम वर येतो. तो थोडा खाली बसवण्यासाठी मी विचारते, संरक्षण मिळालेल्या गिरण्यांचं पुढे काय झालं? त्याचं उत्तर पुढच्या तासाला.

१०.४५

स्टाफरूम. बँकिंग शिकवणारे सर म्हणतात, "तुमचं बरं आहे, पेपर वाचला की तास तयार." पेपरात करारावर सह्या झाल्याचा फोटो असतो. मला हवी असतात परिशिष्टं, आणि ती शेकडो पानांची असल्याने कोणताही पेपर छापत नाही. हे त्यांना सांगण्यापेक्षा बिस्कीट घेतलं.

११.१५

दुसरं वर्ष, प्रादेशिक एकात्मीकरण. हा माझा आवडता तास, म्हणून तो नेहमी लांबतो.

बेला बलासाची १९६१ ची उतरंड मुलांना पाठ असते: मुक्त व्यापार क्षेत्र, सीमाशुल्क संघ, सामाईक बाजार, आर्थिक संघ, पूर्ण एकीकरण. नेट परीक्षेत हा क्रम विचारतात, म्हणून पाठ. पण ही शिडी आहे आणि प्रत्येक देश ती पायरीपायरीने चढतो, असा समज पाठांतरासोबत फुकट येतो. दक्षिण आशिया अनेक वर्षं पहिल्याच पायरीवर बसून आहे. साफ्टा करार २००४ मध्ये इस्लामाबादला झाला, २००६ मध्ये लागू झाला. सार्कची शेवटची शिखर परिषद काठमांडूला २०१४ मध्ये भरली. या भागातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळतो, आसियानमध्ये तोच आकडा पंचवीसच्या घरात. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालात होतं की भारतातल्या कंपनीला शेजारच्या देशापेक्षा ब्राझीलशी व्यापार करणं सुमारे वीस टक्के स्वस्त पडतं. भारत-पाकिस्तान व्यापार तेव्हा दोन अब्ज डॉलर होता. अडथळे नसते तर तो ३७ अब्ज झाला असता, असा अहवालाचा अंदाज. पुढच्याच वर्षी भारताने पाकिस्तानी मालावर दोनशे टक्के शुल्क लावलं आणि उरलेला व्यापारही आटला.

आता फळ्यावर जेकब वायनर, १९५०. आकडे माझे, कल्पित. एक वस्तू लांबचा देश १०० रुपयांत देतो, शेजारी ११० ला. आपलं शुल्क ३० टक्के. शुल्कासकट लांबची १३० ला, शेजाऱ्याची १४३ ला. आपण लांबच्याकडून घेतो आणि तीस रुपये सरकारी तिजोरीत जातात. शेजाऱ्याशी करार झाला, त्याचं शुल्क शून्य. आता त्याची वस्तू ११० ला, लांबची अजून १३० लाच. गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे वळलं.

"फायदा कोणाचा?"

"गिऱ्हाइकाचा, वीस रुपये वाचले."

"आणि तिजोरीचे तीस बुडाले," मागच्या बाकावरून एक मुलगी. "मग मॅडम, दहा रुपये गेले कुठं?"

शेजाऱ्याच्या महागड्या कारखान्याला. स्वस्त विक्रेत्याला बाजूला सारून आपण महाग विक्रेत्याला दहा रुपये जास्त मोजले, आणि याला मुक्त व्यापार म्हटलं. स्वस्त झाल्यामुळे नवी गिऱ्हाइकं किती आली, त्यांचा फायदा यातून वळता करायचा, आणि मगच करार चांगला की वाईट ते ठरवायचं. उत्तर आधी ठरलेलं नसतं. वायनरच्या आधी शुल्क कमी करणारा कुठलाही करार चांगलाच, अशी समजूत होती. त्याने ती कायमची मोडली.

यापुढे श्रीलंकेचं वनस्पती तूप. भारत-श्रीलंका करार डिसेंबर १९९८ मध्ये झाला, मार्च २००० पासून लागू. त्या काळी पामतेलावर भारताचं आयात शुल्क भरमसाट होतं, श्रीलंकेचं कमी. मग लंकेत वनस्पतीचे कारखाने निघाले. पामतेल यायचं मलेशिया-इंडोनेशियातून, लंकेत त्याचं तूप व्हायचं आणि ते बिनशुल्क भारतात उतरायचं. भारतातल्या वनस्पतीवाल्यांनी आरडाओरडा केला. शेवटी वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा आली. नंतर भारताने पामतेलावरचं शुल्कच उतरवलं, तेव्हा लंकेतल्या कारखान्यांचा सगळा नफा रातोरात संपला आणि त्यांना कुलपं लागली. ते कारखाने दोन शुल्कांमधल्या फरकावर उभे होते, तूप हे निमित्त.

हे होऊ नये म्हणूनच करारात मूळदेशाचे नियम असतात. माल 'लंकेचा' कधी म्हणायचा? बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाची किंमत विक्रीच्या किमतीच्या ६५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तेव्हा. उरलेले ३५ टक्के स्थानिक मूल्यवर्धन. मी विचारते, या पस्तिसात नफा मोजायचा का? वर्ग थबकतो. मोजला जातो, कारण हिशेब विक्रीच्या किमतीवरून वजा करत केलेला आहे. मग विक्रीची किंमत कागदावर फुगवली तर? पस्तीस टक्के आपोआप भरतात. आणि एरवी किंमत फुगवायला व्यापारी घाबरतो ते शुल्क वाढेल म्हणून. इथे शुल्क शून्यच, मग भीती कसली? एका वाक्यातली ही फट. भारताने २०२० च्या सप्टेंबरापासून आयातदारावरच मूळदेशाचा पुरावा ठेवण्याची जबाबदारी टाकली, त्यामागे अशाच फटींचा अनुभव आहे. मुंबईत जन्मलेले जगदीश भगवती यांनी १९९५ मध्ये असल्या एकमेकांत अडकलेल्या करारांना स्पॅगेटीच्या वाडग्याची उपमा दिली. ती इतकी गाजली की मुलं उपमा लिहून मोकळी होतात, नियम वाचत नाहीत. म्हणून मी परीक्षेत ती उपमा लिहिल्याबद्दल गुण देत नाही.

पाचेक मिनिटं उरतात, आणि पिंपळगावचा एकजण दर वर्षीचा प्रश्न विचारतो: कांदा निर्यातबंदी जागतिक व्यापार संघटनेच्या नियमात बसते का? गॅट कराराचं अकरावं कलम आयात-निर्यातीवर बंदी घालू नका असं सांगतं, आणि त्यातच पोटकलम आहे की अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळायला तात्पुरती निर्यातबंदी चालते. टंचाई 'गंभीर' कधी, 'तात्पुरती' म्हणजे किती, हे वादाचे विषय. पण वाद घालायचा तर तो बांगलादेशाने किंवा मलेशियाने. तिथे तक्रार देश करतो. ज्याचा कांदा चाळीत सडला तो शेतकरी त्या करारात कुठल्याही कलमात पक्षकार नाही.

१.१५

डबा. भेंडी.

२.००

संगणक कक्ष. एक विद्यार्थिनी द्राक्षांच्या निर्यातीवर गुरुत्वाकर्षणाचं प्रतिमान चालवते आहे. टिंबर्गेनने १९६२ मध्ये मांडलेली कल्पना: दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारमानाप्रमाणे वाढतो, अंतराप्रमाणे घटतो. इतकं साधं समीकरण अर्थशास्त्रात इतकं चपखल बसलेलं दुसरं मला माहीत नाही.

तिचा निष्कर्ष तयार आहे. नेदरलँड्सच्या लोकांना द्राक्षं अतोनात आवडतात. प्रतिमानाच्या अंदाजाच्या कैक पट ते आपल्याकडून घेतात. आकडा बरोबर, अर्थ चूक. आपले कंटेनर रॉटरडॅमला उतरतात आणि तिथून जर्मनीपासून पुढे कुठेकुठे जातात. कागदावर मात्र पहिलं बंदर लागतं. मग खरं कसं शोधायचं? दुसऱ्या बाजूची वही उघडायची. आपण काय पाठवलं ते आपलं वाणिज्य मंत्रालय सांगतं, त्यांना काय मिळालं ते संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत त्या त्या देशाने कळवलेलं असतं. दोन्ही जुळत नाहीत, आणि न जुळण्याची कारणं साधी आहेत. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. आपली किंमत जहाजावर चढेपर्यंतची, त्यांची भाडं आणि विमा धरून. ही दोन कारणं वजा केल्यावरही जो फरक उरतो तो कुतूहलाचा: कधी चुकीचा क्रमांक, कधी मुद्दाम कमी-जास्त लावलेली किंमत, कधी तिसऱ्याच देशामार्गे गेलेला माल. तिला म्हटलं, हा उरलेला फरकच तुझा प्रबंध. तिचा चेहरा पडला. समीकरण चालवून तिला शुक्रवारी मोकळं व्हायचं होतं.

३.३०

प्रबंधाचे विषय ठरवणं. दर वर्षी निम्म्या मुलांना 'आरसेप आणि भारत' हाच विषय हवा असतो. आशिया-पॅसिफिक देशांच्या या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून भारत ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये बाहेर पडला, पुढच्या वर्षी पंधरा देशांनी सह्या केल्या, जानेवारी २०२२ पासून तो करार लागू आहे. बाहेर पडणं योग्य की अयोग्य यावर साठ पानं लिहिणं फार सोपं, आणि त्यातून लिहिणाराच काही शिकत नाही. मी सांगते, एक क्रमांक घ्या. दूधभुकटी घ्या, सोयातेल घ्या, त्याचं शुल्क वीस वर्षांत कसं हललं ते आधी दाखवा.

सोयातेलाचंच पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून वीस टक्के झालं, मे २०२५ अखेर पुन्हा दहावर आलं. मराठवाड्या-विदर्भातला सोयाबीनवाला एका टोकाला, तेलाचा डबा घेणारं प्रत्येक घर दुसऱ्या. सकाळच्या कांद्याच्या नेमका उलटा प्रकार: तिथे बाहेर जाणारा माल अडवून भाव पाडला, इथे आत येणारा माल सोडून. दोन्हीकडे शेतकऱ्याच्या हाती तेच पडतं. आब्बा लर्नरने १९३६ मध्ये आयात शुल्क आणि निर्यात शुल्क यांचा एकूण परिणाम सारखाच असतो हे दाखवलं, तो वेगळा आणि अधिक खोल मुद्दा आहे. तो मुलांच्या डोक्यात याच्याशी मिसळू नये म्हणून इथे मी मुद्दाम थांबते.

ओझरच्या मुलाला २०१० चा विषय दिला. त्या वर्षी नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर तिकडे अडकले. शुल्काचा प्रश्न नव्हता, करार नसल्याचाही नव्हता. प्रश्न किलोमागे मिलिग्रॅमच्या एका आकड्याचा होता. त्याच्या वडिलांची बाग तेव्हा नवी होती. घरात तो हंगाम कोणी बोलत नाही, म्हणाला. "मग आधी प्रयोगशाळेत जा," मी म्हटलं, "घरी नंतर विचार."

५.३०

परतताना एका पॅकहाउसवर पाच मिनिटं थांबते, विद्यार्थिनीच्या मामांचं आहे. बायका कात्रीने खराब मणी काढून अर्ध्या किलोच्या डब्या भरताहेत. प्रत्येक खोक्यावर बागेचा नोंदणी क्रमांक. मामा म्हणतात, "ताई, तुमच्या करारांनी आम्हाला काय?" त्यांच्या मागे भिंतीवर कोणत्या देशाला कोणता अंश किती चालतो त्याचा तक्ता लावलेला आहे. मी तक्त्याचा फोटो मागितला, त्यांनी दिला.

८.३०

अंतर्गत परीक्षेचा पेपर काढायचा आहे. पहिला मसुदा: 'प्रादेशिक एकात्मीकरणाचे टप्पे स्पष्ट करा.' खोडला. दुसरा: एका देशाने शेजाऱ्याशी मुक्त व्यापार करार केला आहे, पुढील बीजकावरून माल सवलतीस पात्र आहे का ते ठरवा, विक्रीकिंमत किती रुपयांनी फुगवली असता तो पात्र ठरेल तेही काढा. दहा गुण. दुसरा भाग काढावा की नाही यावर बराच वेळ गेला. मुलांना लबाडी शिकवतो आहोत असं कोणी म्हणेल. पण यातल्या काहीजणी उद्या सीमाशुल्क खात्यात लागतील आणि काहीजण निर्यातदाराच्या कचेरीत, तेव्हा हे गणित दोन्ही टेबलांवर यायला हवं. ठेवला.

९.४०

पिंपळगावच्या मुलाचा फोन. काकांचं कांद्याचं खळं आहे, २०२३ ते २०२५ च्या खरेदीच्या पट्ट्या आणि निर्यातीची बीजकं खोक्यात पडून आहेत. प्रबंधाला चालतील का?

चालतील का! ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क लागल्याच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या आठवड्यात शेतकऱ्याला काय भाव दिला आणि परदेशी खरेदीदाराकडून काय घेतला, हे दोन्ही आकडे एकाच खोक्यात. शुल्काचा किती बोजा तिकडे गेला आणि किती इकडे, ते सरकारी आकड्यांत इतकं स्वच्छ कधीच दिसत नाही.

"नावं झाकून झेरॉक्स काढ," मी म्हटलं. "आणि काकांना लेखी संमती माग."

"काका म्हणतात, तोट्याच्या महिन्यांचे देतो."

"नफ्याचेही लागतील म्हणावं. नाहीतर एकही नको."

तो म्हणाला विचारून सांगतो.